मोजलं नाही

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जानेवारीचा तक्ता पोचला. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की अख्खं ऑफिस वर बघतं, तेव्हा आपलं पत्रच बरं.

मी कॉलेजात असताना गच्चीवर बसवलेलं सौर पॅनेल आता बारा वर्षांचं झालं. म्हातारं पॅनेल दर वर्षी किती मंदावेल हे आधीच सांगणारं मॉडेल मी करतेय, आणि आपलं पॅनेल काही त्याचं ऐकत नाही. तुम्ही रोज बाराच्या ठोक्याला मोजता ती वीज माझ्या अंदाजापेक्षा चार-पाच टक्के कमीच भरते. सोबत सूत्र पाठवते. त्यात ऊन आणि तापमान घातलं की किती वीज यायला हवी ते निघतं. कोण चुकतंय ते तुम्हीच ताडून बघा.

नव्या इंजेक्शनांचं काय झालं ते लिहा. ‘ठीक’ हा शब्द चालणार नाही. लोभ आहेच, तो तुमच्या आकड्यांसारखा कमी भरू देऊ नका.

तुमची,
खार

२० फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझ्या अंदाजापेक्षा पॅनेल कमी भरतं, यात पॅनेलचा काय दोष? त्याने कुठे तुझं सूत्र वाचलंय? मी एकतीस वर्षं विषाणूंच्या प्रयोगशाळेत पेशी मोजल्या. भिंगाखाली दिसेल ते लिहायचं, साहेबांना हवं असेल ते नाही, एवढंच शिकलो. तू अकरा वर्षांची असताना घेवड्याच्या रोपाची चार दिवसांची उंची न मोजताच वहीत भरली होतीस. चारही रकाने खोडायला लावून मी तुला तिथे ‘मोजलं नाही’ असं लिहायला लावलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

इंजेक्शनांचं विचारतेस तर ऐक. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी आठ-दहा दिवसांत त्याचा निकाल लावतात आणि घरी जातात. कॅन्सरच्या गाठीचं तसं नाही. ती आपल्याच घरातली, हटत नाही. तिच्यासमोर उभं राहून पेशी दमतात, मग नुसत्या बघत बसतात. हे औषध त्यांना हलवून जागं करतं. आता त्या जाग्या होतात की कूस बदलतात, ते कळायला महिना लागेल. तोवर रोज मोजायला गच्चीच्या बावन्न पायऱ्या चढतोय, मध्ये एकदा टेकतो. आत्या खालून पायऱ्या मोजत असते, जणू मी चोरून दोन गाळीन.

जेवणाकडे लक्ष दे. ममता आहेच, मोजायला लागू नये.

तुझा,
बाबा

१० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, जमलं! मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून तुमचे आकडे आणि माझं मॉडेल अगदी हातात हात घालून चाललेत. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. मी तीनदा तपासलं. आमच्या विभागप्रमुख बाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी तक्ता सगळ्यांना दाखवला आणि मोजणारा माणूस कोण आहे हे विचारलं. माझे वडील, असं मी जरा मान ताठ करून सांगितलं.

आता बाई म्हणतात की जूनच्या परिषदेत हेच मांडायचं. त्यामुळे मेमध्ये यायचं ठरलं होतं ते जूनअखेरीला ढकलते. रागावू नका. रोज बावन्न पायऱ्या चढताय म्हणजे औषध लागू पडलंय, असं मी धरून चालते. तुमचा तक्ता आला की मला तुमची तब्येत कळते, डॉक्टरांच्या कागदापेक्षा जास्त.

असाच लोभ ठेवा आणि असेच आकडे पाठवा.

तुमची,
खार

२४ एप्रिल

चि. खारीस,
आत्याचे अ. उ. आ.

मी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी मागायचं असणार, हे तू ओळखलंच असशील. गच्चीवरच्या दोऱ्या तुटल्यात, म्हणून गेला दीड महिना तुझ्या बाबाच्या चादरी मी तुझ्या त्या काळ्या पॅनेलवर वाळत टाकते. सकाळी टाकते, संध्याकाळी काढते. त्याला घाम इतका येतो की रोज दोन चादरी निघतात. पॅनेल छान तापतं, तासाभरात कडकडीत. पण परवा मनात आलं की तुझ्या यंत्राला अपाय तर होत नसेल? त्याला विचारलं तर म्हणाला, घाल खुशाल, आणि तोंड फिरवून बसला. म्हणून तुलाच विचारते.

इंजेक्शनं बंद केल्याचं त्याने तुला कळवलं असेलच. उन्हाचं ते छोटं मीटर त्याने माझ्याकडून गॅलरीच्या कठड्याला बांधून घेतलंय, त्याच्या खुर्चीतून दिसतं. दुपारी बारा वाजता वही घेऊन त्याची बेरीज-गुणाकार चालतो. एवढ्या दुखण्यात त्या वेळी मात्र तोंडावर जरा तकवा येतो. त्याने आजवर भरलेला एप्रिलचा तक्ता सोबत घातलाय.

माझे गुडघे बरे आहेत. बावन्न पायऱ्या आता मी एकटीच चढते. आठवण ठेव.

तुझी,
आत्या

३० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. चादरीखाली झाकलेलं पॅनेल भर उन्हात पूर्ण वीज देत होतं.

माझंच सूत्र, माझेच आकडे, फक्त तुमच्या अक्षरात. आणि मी नाचत होते. बाईंकडे जाऊन सांगितलं. ९ मार्चपासून २४ एप्रिलपर्यंतचे सत्तेचाळीस रकाने खोडून टाकले आणि मोजणारा माणूस का चुकला तेही सांगितलं. त्यांनी रजेचा अर्ज पुढे केला.

मला फार राग आलाय बाबा. घेवड्याच्या चार दिवसांसाठी तुम्ही मला दोन दिवस रडवलंत. तुमच्या तक्त्यावर भरवसा ठेवून मी येणं पुढे ढकललं. पायऱ्या चढवत नाहीत, एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर मी मार्चमध्येच तिथे असते. ७ तारखेला निघतेय, ९ ला पोचते. तोवर काही लपवू नका. भांडायचं आहे तुमच्याशी, आणि त्यासाठी तुम्ही हवे आहात.

तुमचीच,
खार

४ मे

चि. खारीस,
अ. उ. आ.

राग रास्त आहे. उन्हाचे आणि तापमानाचे आकडे खरे होते, गॅलरीतून घेतलेले. वीज तेवढी तुझ्या सूत्राने काढली. ९ मार्चला तेराव्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. आत्याने खाली आणलं. रकाना रिकामा ठेवला तर तू धावत येशील, म्हणून एक दिवस भरला. मग दुसरा. तुझं मॉडेल बरोबर येतंय म्हणून तू हरखलीस, तेव्हा मला हात आवरता आला नाही. एकतीस वर्षांत एक पेशी खोटी लिहिली नव्हती.

माझ्या पेशी जाग्या झाल्या नाहीत. हे मोजलेलं आहे.

सोबत नवा तक्ता आहे. सत्तेचाळीस रकान्यांत ‘मोजलं नाही’ लिहिलंय. तेहतिसाव्यापासून अक्षर आत्याचं आहे, कारण पेन धरवेना. पण सांगत मी होतो, एकेक करून. आत्या म्हणत होती की वर तेच आहे अशा खुणा काढू. मी काढू दिल्या नाहीत.

सावकाश ये. मी आहे असं आज तरी दिसतंय.

तुझा,
बाबा

२० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल परिषद झाली. आलेखात मध्येच सत्तेचाळीस दिवसांची मोकळी जागा आहे. मागच्या रांगेतून एकाने विचारलं की तिथे काय झालं. मी सांगितलं की त्या काळात मोजणारा आजारी होता. मग बाईंनी पुढची स्लाइड लावली.

मला बाबांबरोबर सहा दिवस मिळाले. खरं कळलं असतं तर दोन महिने मिळाले असते, ही गोष्ट मनातून जात नाही. भांडायचं होतं तेही झालं नाही. त्यांचा हात धरून नुसती बसले होते. रोज बारा वाजता ते घड्याळाकडे बघायचे.

तुझा पहिला तक्ता मिळाला. चादरी काढून, पॅनेल पुसून तू बाराला वर जातेस हे वाचलं. तुझे आकडे माझ्या मॉडेलपेक्षा पाच टक्के कमी भरतात. जसे आहेत तसे मी उतरवून घेतले.

एक सांगते ते ऐक. तुझेही गुडघे किती दिवस बरे राहतील कुणास ठाऊक. ज्या दिवशी वर जाता येणार नाही त्या दिवशी माझ्यासाठी म्हणून रकाना भरू नकोस. ‘मोजलं नाही’ एवढंच लिही. ते वाचलं की मी निघेन.

लोभ आहे, तो खरा आहे, तसाच राहू दे.

तुझी,
खार