एका ओळीचं काम

ती. भावोजी,

तुमच्या चरणांना (ते टेबलावर असतील किंवा खाली, जिथे असतील तिथे) नमस्कार. पित्त कसं आहे? ताईचे गुडघे, मुलांचे खोकले, सगळं आटोक्यात असेल असं धरून चालतो. माझं विचाराल तर तब्येत बरी, झोप नाही, आणि नोकरी अजून आहे. या महिन्यात मला कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती. आता सोमवारी साहेबांनी आत बोलावलंय, आणि ते सहीसाठी नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी ‘जे काय असेल ते लिहून पाठव, फुरसतीने वाचतो’ असं फोनवर तुम्हीच म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची रक्ततपासणीची प्रयोगशाळा तुम्ही पाहिली आहेच (चहा पाणचट आहे म्हणाला होतात). तिच्या मागच्या खोलीत सर्व्हर एकावर एक रचलेले आहेत. प्रत्येकाच्या पोटात फर्मवेअर असतं, म्हणजे मशीन चालू केल्यावर सगळ्यांच्या आधी जे जागं होतं ते. सुरुवात कुठल्या डिस्कवरून करायची, पंखे किती जोरात फिरवायचे, असल्या त्याच्या सेटिंगा. आमच्या मशीनांवर नवं फर्मवेअर चढवलं की या सेटिंगा साफ पुसल्या जातात. म्हणून मी प्रत्येक मशीनसमोर स्टूल टाकून त्या कागदावर उतरवून घेणार होतो. वेळखाऊ, पण माझ्या कुवतीतलं काम. हे मी तुमच्या घरी जेवताना बोललो आणि तिथेच फसलो. तुम्ही हातातला घास ताटात ठेवून हसलात. सगळ्यांच्या देखत म्हणालात की हा अजून पाटी-पेन्सिलीतच आहे, अरे हे एका ओळीचं काम.

ती ओळ तुम्ही मला पाठवलीत. कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, ती टाकली की मशीन आपल्या सेटिंगा एका फाइलीत लिहून देतं. दुसरी ओळ टाकली की त्याच परत चढवतं. ओळीच्या शेवटी फाइलीचं नाव होतं, ‘सेटिंग’. मी विचारलं होतं की सगळ्या मशीनांना हेच नाव कसं चालेल. (विचारलं होतं. ताई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती.) तुम्ही म्हणालात, डोकं चालवू नकोस, सांगतो तसं कर. नाही चालवलं. तुमचं ऐकलं, कारण ताईच्या लग्नापासून या घरात तुमचंच ऐकायची पद्धत आहे.

मी सगळ्या मशीनांवर तीच ओळ चालवली आणि सगळ्यांना एकाच फोल्डरात लिहायला लावलं. प्रत्येक मशीन ‘जतन झाले’ म्हणालं, आणि एकही खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपलं जतन केलं, आधीच्याचं पुसून. शेवटी फाइल उरली एक, आणि तीही कोपऱ्यातल्या ‘म्हाताऱ्या’ची. हे मशीन आम्ही चाचण्यांसाठी ठेवलंय. पंखे कायम पूर्ण जोरात, आणि डिस्ककडे ढुंकूनही बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलेलं. मग मी नवं फर्मवेअर चढवलं आणि तुमची दुसरी ओळ सगळीकडे फिरवली. मॉडेल सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही.

सगळी मशीनं एकदम म्हातारी झाली. पंख्यांचा आवाज एवढा, की साहेब दारात उभे राहून काय काय बोलले ते मला ऐकू आलं नाही (त्या दिवसात तेवढंच एक बरं घडलं). डिस्ककडे एकही बघेना, म्हणून मशीनं सुरूच होईनात, आणि बाहेर माणसं रिपोर्टसाठी बाकांवर ताटकळली होती. एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टवाचून अडलं. तिचा नवरा दर थोड्या वेळाने दाराशी येऊन ‘झालं का?’ विचारून जायचा. त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी आठवून आठवून एकेक सेटिंग पुन्हा बसवली, स्टूल टाकूनच.

आणि तुम्ही झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलंत की ओळ बरोबर होती, यानेच काहीतरी घोळ घातला. आता माझी सख्खी आई मला म्हणते, भावोजींना विचारून करत जा रे. भावोजी, मला तुमचा राग आलाय, आणि तो गिळून मी थकलोय. ‘नावाचं सांगायचं माझ्याकडून राहिलं’ एवढं जरी म्हणाला असतात, तरी सोमवारी साहेबांसमोर मान वर करून उभा राहिलो असतो.

ताईला नमस्कार, मुलांना पापे. उरलेलं तुम्ही मानून घ्या.

तुमचा (ताईमुळे)
मेहुणा

ता. क. ताईकडून कळलं की ती ओळ तुम्ही आजवर एकाच मशीनवर चालवली आहे, घरातल्या. एका मशीनवर ती सोन्यासारखी आहे. येत्या शनिवारी मात्र तुमच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या सर्व्हरांवर चालवणार आहात म्हणे. फाइलीच्या नावात त्या त्या मशीनचं नाव घाला. हेच सांगायला फोन करत होतो, पण ‘पुन्हा काय बिघडवलंस’ म्हणून तुम्ही ठेवून दिलात. ताईला निरोप दिला, तर ती म्हणाली, त्यांच्या कामात मी बोललेलं त्यांना खपत नाही. टपाल तुम्ही रविवारीच फोडता, हेही तिनेच सांगितलं.

ता. ता. क. खरं काम राहिलंच. सोमवारी तुमच्या जागेवर माणूस लागला, तर जाता जाता तुमच्या साहेबांकडे माझं नाव टाका. अनुभव काय म्हणून विचारलं तर सांगा, ही चूक याची करून झालेली आहे.