पहिल्या गाण्याची जागा

प्रिय जॅसिंथ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मावशीच्या माँटेगो बेच्या पत्त्यावर. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

नवा ठेका जमलाय. 'जमलाय' हा शब्द मी उगाच वापरत नाही, तुला ठाऊक आहे. बास गिटारचा घुमार सुरू झाला की शेजारच्या क्लोव्हरकाकूंच्या कपाटातल्या बशा नाचतात आणि काकू कुंपणावरून ओरडतात, "लॅसेल्स, एक जरी फुटली ना, तर उरलेल्या तुझ्या डोक्यात घालीन!" आठवडाभर स्टुडिओबाहेर अंगणात आंब्याखाली गायकांची रांग होती. आपलं नेहमीचंच, ठेका एक आणि त्यावर प्रत्येकाचं गाणं वेगळं. अकरा गाणी झाली. बॅरन फ्लिंट तर संग्रहातल्या पहिल्या जागेसाठी हटूनच बसला. "माझं गाणं दुसरं? लोक हसतील मला!" मी म्हटलं, "बाबा रे, पहिली जागा गेली." कुणाला, ते सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या संग्रहातून मी तुझं गाणं काढलं. गळा अजून कच्चा आहे म्हणालो आणि तुझ्या जागी नुसता ठेका टाकला, गाण्यावाचून. तू बॅग भरलीस. मी दारापर्यंतही आलो नाही.

परवा रविवारी दुपारी हेलशायरच्या किनाऱ्यावर मासे खायला गेलो होतो. साऊंडवाल्या एग्बर्टने माझा तोच नुसता ठेका लावला. मी छाती फुगवून उभा. तेवढ्यात बायका गायला लागल्या. तुझं गाणं! तू तिथे दर रविवारी गायचीस तेच, शब्दन् शब्द. "अंगणात साऱ्यांचं ऐकतो माझा बाप, घरात माझी पाळी येतच नाही." मासे तळणारी ड्रूसिला झारा माझ्याकडे रोखून म्हणाली, "अगं बायांनो, हाच तो बाप!" सगळा किनारा हसला. एग्बर्टने मुद्दाम ठेका पुन्हा पहिल्यापासून लावला, एकदा नाही, तीनदा. मग मीही गायलो. इतका बेसूर, की तू मला स्टुडिओबाहेर काढलं असतंस.

आता खरं सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलोय. तुझा गळा कच्चा नव्हता, पोरी. गाणं मला झोंबलं होतं. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढतोय. स्वतःची कबूल करायला वर्ष गेलं. चुकलो मी. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संग्रह बाहेर पडतोय. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी स्टुडिओत दुसऱ्या कुणालाही बोलावलेलं नाही. तेच गाणं गा, नाहीतर आणखी झोंबणारं गा. नाही आलीस, तर पहिल्या जागी पुन्हा नुसता ठेका जाईल आणि लोक त्यावरही तुझेच शब्द बसवतील, याची मला खात्री आहे. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी ते एकदाही नीट ऐकलेलं नाही. ये. पाळी तुझी आहे.

तुझाच,
तो बाप
(हेलशायरला आता मला दुसरं नाव उरलेलं नाही.)