आपोआप सुरू झालेला बोर्ड

सर,

तुम्हाला जाऊन एक तप उलटलं, तरी आज दुपारी भर गाळ्यात मी तुमचा दाखला देऊन भांडले. नवजात बाळांना उबेत ठेवतात त्या पेटीतलं तापमान सांभाळणारे सर्किट बोर्ड आम्ही पहिल्यांदाच बनवले आहेत. सगळे तपासून झाले, खोकी भरली, खाली टेम्पो लागला, आणि जाता जाता पुन्हा चालू करून पाहिलेला एक बोर्ड मधेच बंद पडला. कुणी हात लावायच्या आत आपोआप सुरूही झाला. तेव्हापासून तो चालूच आहे.

"वायर हलली असेल गं," माझा पार्टनर म्हणाला. तुमच्या हाताखाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, तोच. तुमची कंपनी बंद पडल्यावर आम्ही दोघांनी रबाळ्याला हा गाळा घेतला, तेव्हा सोल्डरिंग आयर्न दोन होते आणि बसायला स्टूल एकच. आता वरचा मजलाही आमच्याकडे आहे, बारीक पार्ट मशीन बसवतं. इतक्या वर्षांत आमचं कधी वाजलं नाही असं नाही, पण आज त्याचा आवाज निराळा होता. "उद्या माल पोचला नाही तर हे गिऱ्हाईक गेलं. पुन्हा दारात उभं करणार नाहीत आपल्याला."

"सर असते तर सोडला असता?"

"सर नाहीत ना आता! आणि सरांची कंपनी तरी कुठेय, सांग बघू?"

बोनकोड्याहून येणारी लाइनवरची आमची सगळ्यात जुनी बाई दोघांकडे बघून म्हणाली, "तुमी भांडून घ्या, मॅडम. आमी तवर चा पितो."

मला तुमच्या टेस्टिंग रूममधला तो दिवस आठवत होता. मी नवीन, कॉन्व्हेंटमधून आलेली, दर वाक्याला 'एक्सक्यूज मी, सर' म्हणणारी. एक बोर्ड काही केल्या चालेना म्हणून वैतागून मी त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं आणि तो चालू झाला. सगळे टाळ्या वाजवतायत. तुम्ही येता, चष्मा कपाळावर सरकवता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "तू तो दुरुस्त केला नाहीस. गप्प केलास." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर तुम्ही माझ्या जागेशेजारी स्टूल ओढून बसला होतात. सोल्डरचा तडकलेला सांधा सापडेपर्यंत तुम्ही उठला नाहीत.

मी टेम्पो परत पाठवला. "मग गिऱ्हाइकाला फोनही तूच कर," एवढंच बोलून पार्टनर निघून गेला, रोजच्यासारखं 'येतो गं' न म्हणता. मी फोन केला, बोलणी खाल्ली, खोकी उघडायला लावली. तेव्हापासून त्या बोर्डाचा एकेक सांधा तपासतेय. काही सापडत नाही. लाइनवरच्या मुली घरी गेल्या. बोर्ड माझ्यासमोर चालू आहे, तापमानाचा आकडा जरासुद्धा हलत नाही.

वायरच हलली असेल, तर कामही गेलं आणि जन्माचा मित्रही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शाळेत सिस्टरनी शिकवलं तसे हात जोडून मी मघापासून एकच मागतेय, सर. हा बोर्ड अजून एकदा बंद पडू दे.