टिटवी गप्प होते तेव्हा

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि विशेष असं की गाडी शिकायला माझ्याकडे राहायला आल्यापासून तुझ्या लेकीने बोलून बोलून माझे कान किटवले आहेत.

अठरा पूर्ण झाली तरी तोंडाला कुलूप नाही. जिने तिचं नाव टिटवी ठेवलं तिचं तोंड गोड करायला हवं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र बडबड्यांचीच चलती असते. शिकणाऱ्याने दिसेल ते मोठ्याने बोलायचं, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. डावीकडे सायकल, पुढे वळण, वेग कमी करतेय. तोंड रस्त्यावर असलं की मनही रस्त्यावर राहतं. टिटवी त्यात सगळ्यांच्या पुढे आहे.

काल एक विचित्रच झालं. पाण्याच्या टाकीजवळ ती अर्ध्या वाक्यात थांबली. हात चाकावर, डोळे उघडे, पण गाडीत मी एकटीच बसले आहे असं मला वाटलं. पुढे हातगाडी होती, म्हणून माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला. मग ती वाक्य सोडलं होतं तिथूनच उचलून म्हणाली की समोर सायकलवाला आहे. सायकलवाला केव्हाच मागे पडला होता! मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. ब्रेक माझा होता हे तिला सांगितलं नाही. मी कोणालाच सांगत नाही, शिकणाऱ्याचा हुरूप जातो.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो अधूनमधून पत्रातूनही दिसू दे.
तुझी धाकटी


११ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हे खूप हसले. तंद्री लागणं म्हणे त्यांच्या घराण्याची देणगी आहे. पोर लहानपणापासून अशीच आहे गं. दुधासमोर उभी असते आणि दूध उतू जातं. शाळेतून तर वर्षानुवर्षं एकच तक्रार, लक्ष नसतं म्हणून. एकदा वेणी घालताना मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला, तर पापणीसुद्धा लवली नाही. आरशात ती होती आणि नव्हती. मी घाबरले होते, पण सासूबाई म्हणाल्या, वाढतं वय आहे, नसती शंका काढू नकोस. मग मीही सोडून दिलं.

ह्यांनी एक जुनी गाडी बघून ठेवली आहे. माझे गुडघे आता बसच्या पायऱ्यांना दाद देत नाहीत. परवाना मिळाला की टिटवी मला रोज चष्म्याच्या दुकानात सोडणार. लेकीच्या शेजारी बसून कामावर जाईन, मग बघ माझा तोरा!

स्वतःला जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


६ मे

ती. मावशीस,
शि. सा. न.

सुखरूप पोचले. परीक्षेत पास झाले ते तुझ्यामुळे. बाबा परवान्यावरचा फोटो येईल त्या प्रत्येकाला दाखवतात, त्यात मी चोरासारखी दिसते.

एक विचारायचं राहिलं. आईला विचारलं तर ती काळजी करत बसेल. गाडी चालवताना मधला रस्ता नाहीसा होतो, तसं तुलाही होतं का? म्हणजे औषधांचं दुकान येतं आणि लगेच पूल येतो. मधली शाळा, पेट्रोलपंप कुठे जातात कळत नाही. सगळ्यांनाच होत असेल, म्हणून कोणी बोलत नसेल. आधी मला भीती वाटायची. मग लक्षात आलं की अशा वेळी गाडी आपोआप थांबलेली असते, कधी हातगाडीच्या मागे, कधी म्हातारबाबांच्या पुढ्यात. मी नसताना माझा पाय बरोबर काम करतो! आता मी निर्धास्त झाले आहे. सोमवारपासून आईला घेऊन जाणार.

मला विसरू नकोस, मी तुला विसरू देणारच नाही.
तुझी टिटवी


९ मे

चि. टिटवीस,
अ. आ.

सकाळी तुझं पत्र आलं आणि मी तशीच उठून तार करायला गेले. गाडी बाहेर काढू नका, एवढंच तारेत मावलं. बाकीचं इथे लिहिते.

बाळा, तो पाय माझा होता. दर वेळी माझाच. शेजारी माझा ब्रेक होता, बाबांच्या गाडीत तो नाही. तिथे तुझ्या शेजारी नुसती आई बसेल.

रस्ता सगळ्यांचा नाहीसा होत नाही. माझ्याकडे एक मेंदूच्या डॉक्टरीणबाई शिकून गेल्या, त्यांना मी गाठलं. त्या म्हणाल्या की ही तंद्री नसावी, मिरगीचाच एक प्रकार असावा, त्यात माणूस पडत नाही की थरथरत नाही. तपासणीशिवाय नक्की सांगता येत नाही, पण औषध आहे. फिट येणं थांबलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पुढे गाडीही चालवता येते. तोवर चाकाला हात लावायचा नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला चष्मा आहे का, हे मी विचारत आले. कधी फिट येते का, छातीत धडधडून शुद्ध जाते का, हे मात्र कधीच विचारलं नाही. शेजारी बसून डोळ्यांनी पाहिलं तरी नाही. चूक माझी आहे.

पोरी, रागाव, पण ऐक.
तुझी मावशी


१५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी तार आली तेव्हा आम्ही निघून गेलो होतो.

आधी हे वाच, कोणालाही लागलेलं नाही. ती तू शिकवल्याप्रमाणे बोलत होती, मी कौतुकाने ऐकत होते. ज्या शाळेत सुट्टीतलं शिबिर चालू आहे, तिच्या अलीकडे ती म्हणाली की पुढे मुलं, आणि तिथेच थांबली. मला वाटलं, ब्रेक दाबतेय. गाडी मात्र होती त्याच वेगाने चालली होती. मी हाक मारली, दंड हलवला. तिचा चेहरा इतका शांत होता की मला तिचीच भीती वाटली. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंनी शेवटच्या दोघांना दंडाला धरून मागे खेचलं, आणि आम्ही पुढची मुलं आणि ती दोघं यांच्यामधून निघून गेलो. मी हँडब्रेक ओढला. गाडी खांबाला घासून थांबली. तेव्हा टिटवीने पापणी लववली, हसली आणि वाक्य पुरं केलं, की मुलं रस्ता ओलांडतायत, मी थांबतेय.

त्या बाई ओरडतच आल्या होत्या. काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि त्या माझ्या बाजूला आल्या. मला हळूच विचारलं की ती आता आली आहे का.

डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा निघाला. गोळ्या सुरू आहेत. किल्ली तिने स्वतः बाबांच्या हातात दिली. तुझ्यावर ती रागावलेली नाही, मी थोडी आहे, पण माझ्यावर त्याहून जास्त. पाहिलं तर मीही होतंच. आता घरात ती बोलता बोलता थांबली की आम्ही हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहतो. बहुतेक वेळा ती नुसतीच गप्प असते.

काल मी तिची वेणी घालत होते. तिने आरशातून माझ्याकडे पाहत विचारलं की इतकी वर्षं मी तिच्याशी बोलत आले, त्यातलं तिने किती ऐकलंच नसेल, आणि त्यात काही महत्त्वाचं राहून गेलं का. वेणी अर्धीच होती, ती सोडून पुन्हा पहिल्यापासून घातली.

तू ये. जमेल तितक्या लवकर ये.
तुझी ताई