कड्यावरचे आयबेक्स

यिशुन, सिंगापूर, मंगळवार संध्याकाळ

दगड घरंगळण्याचा तो आवाज आज सारखा कानात आहे. तरुणपणी स्पितीत ऐकलेला. उभ्या कड्यावरून आयबेक्सचा कळप गेला आणि खुरांखालचे दगड कितीतरी वेळ दरीत पडत राहिले. मुक्ताला लहानपणी तो मीच कवितेसारखा ऐकवायचो. त्यातूनच माझी लेक या रानबकऱ्यांच्या संशोधनात शिरली.

सध्या ती स्पितीतच त्यांची मोजणी करतेय. मोजणी समोरच्या डोंगरावरून, दुर्बिणीने करतात. रविवारी तिथून फोनवर म्हणाली, "बाबा, माद्या पिल्लांना घेऊन कपारीत बसल्यात. इथून दिसतच नाहीत."

आणि मी म्हणालो, मग वर जा.

का म्हणालो? जन्मभर वर्गात चाली लावून कविता शिकवल्या. कड्याचं मला काय ठाऊक?

तेव्हापासून फोन नाही. तिचा मुलगा इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणतो, "आजोबा, सिग्नल नसेल, लाह." 'मग वर जा' असं मी तिला म्हणालो, हे मी त्याला सांगितलेलंच नाही.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात तिच्या लॅबमधला निलेश. कधी घरी न येणारा.

"काका, आधी बसा. ती सापडलीय. पाय मोडलाय, पण बोलतेय. तुम्हाला एवढंच सांगायला सांगितलंय की ती स्वतःच्या मनाने चढली."