ओ कुणी द्यायची

नळदुर्ग, ता. २४ फेब्रुवारी २०२५

तुझ्या फोनला पटकी आली का गं? बघावं तवा तो एकटा उपदेशक त्यात वरडत असतो, आन् आजीचा फोन उचलायला तुला सवड न्हाय. म्हणून ह्या वाकड्या अक्षरात लिवती. तिसरीपातुर शिकल्याली बाई हाय, चुका काढू नको.

चि. समृद्धी हिला आजीचा सलाम. देव बरं करो.

तुझा मामा श्रीमंत कळंबच्या मोंढ्यात माल इकाया आलता, तवा तुझ्या खोलीवर डोकावला. म्हणला, मास्तरीणबाई उपास धरून वाळून काटकी झालीया. का, तर भर दुपारी मेलेली आई हाक मारती. आन् तो फोनमधला बाबा म्हणतो, तुझ्या आईच्या, सत्यभामेच्या डोक्यावर नुसतं पाणी शिंपडलं, ती बुडून बाप्तिस्मा घेतल्याली न्हवती, म्हणून ही हाक सैतानाची. तिची वाकळ पुढल्या शुक्रवारी सभेत आणून जाळ.

वाकळ माझ्या लेकीनं शिवली, पर त्यातली लुगडी माझी हायती. मला इचारलं का त्यानं?

लहानपणी तुला काय शिकवलं म्या? हाक आली की लगीच ओ द्यायची न्हाय. भूत एकदाच हाक मारतंय, तीनदा आली तर माणूस. मग ह्या बाबाच्या एका हाकंला कशी धावलीस? शास्त्र शिकायचं तर तीन तोंडानं ऐक. आपल्या चर्चच्या मंडळीतले कल्याणप्पा, त्यांच्याकडं बायबलाचा अर्थ सांगणारा जाडजूड टीकाग्रंथ हाय. तुझ्या शेजारची कॅथलिक सिस्टर. आन् बायांचा बायबल-अभ्यास घेणारी सोनालीबाई. तिघांचं जमत न्हाय, ते लई बरं. बाबानं तुला बायबलातल्या शौल राजानं मेलेला संदेष्टा शमुवेल वर बोलावला तेवढंच दाखवलं. त्याच पुस्तकात शमुवेल पोरगा असताना त्याला हाक आली, ते पान का झाकलं? तिघांना इचार. तवर वाकळीला काडी लावू नको, आन् भाकरी खा.

माया हाय म्हणून शिव्या हायत, दोन्ही गोड मान.

तुझी आजी सिद्धम्मा

—

कळंब, ता. १० मार्च २०२५

ती. आजीस समृद्धीचा सा. सलाम वि. वि.

पत्र मिळालं, शिव्याही. भाकरी खाल्ली.

तिघांना विचारलं. कल्याणप्पांनी फोनवर टीकाग्रंथ वाचून दाखवला : मेलेले झोपलेले आहेत, प्रभू येईपर्यंत ते कुणाला हाक मारत नाहीत. सिस्टरनी पुस्तिका दिली. त्यांच्या मते मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी, त्यांना तिची गरज असते. सोनालीबाई म्हणाल्या, मेलेल्यांचा पत्ता कुणी छातीठोक सांगू लागलं की तिथून उठावं. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, पण वाकळ जाळ असं कुणीच म्हणालं नाही. मी सभेला गेले नाही.

शमुवेलाचं पान मात्र तिघांनीही उघडलं. हाक देवाची, आणि पोरगं धावलं म्हाताऱ्या याजक एलीकडे, त्यांनीच बोलावलं समजून. ते वाचताना सोनालीबाईंनी विचारलं, आई नेमकी काय म्हणून हाक मारते? आजवर कान झाकूनच ऐकलं होतं.

परवा सकाळची शाळा करून आले, भांडी घासत होते. हाक आली. या वेळी कान झाकले नाहीत. आवाज आईचाच, दाराबाहेरून, शेवटच्या आजारातला, दमलेला. पण आजी, ती माझं नाव घेत नाही. ती ‘आये’ म्हणते.

मला कोण आये म्हणणार? दार उघडलं तर नुसतं ऊन. तुम्हीच सांगा, मी काय करू?

तुमचा लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

समृद्धी

—

नळदुर्ग, ता. १४ मार्च २०२५

चि. समृद्धी हिला सलाम.

तुझं पत्र श्रीमंताकडून दोनदा वाचून घेतलं. उन्हानं डोळ्याला पाणी येतंय आजकाल.

मला आये म्हणणारी एक सत्याच. श्रीमंत तर साळंत गेल्यापासनं आई म्हणतो. ती गेली तुझ्या खोलीत, उशाला तू हुतीस, म्या वाटंत, एसटीत. तिला तेच दार ठाव हाय. तिथंच हुडकती मला.

कल्याणप्पा म्हणतात मेलेलं झोपतंय. आसंल. सत्या झोपेतबी बडबडायची. सिस्टरला म्हणावं, प्रार्थना कर. खरं काय ते मला ठाव न्हाय, त्या तिघांनाबी न्हाय. तू समद्यांची पुस्तकं वाचत ऱ्हा. त्या बाबाचंबी एखांद्या दिशी ऐक, पर चौथा म्हणून.

सोमवारच्या गाडीनं येती. दुपारी तुझ्या दारात बसणार हाय. तवर हाक आली तर भिऊ नको, दार लावू नको, आन् तोंडबी उघडू नको. ती हाक तुझी न्हाय. ओ म्या द्यायची.