चार कॉलेजांचा एक पेशंट

डहाणू, रविवार

प्रिय साडूभाऊ प्रल्हादराव यांस,

गोविंदरावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि जयमालाताईंचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे रंभा मजेत आहे, चिकू बरा आलाय, आणि मी परवा वेवजीला मरता मरता वाचलो. (घाबरू नका. अक्षर बघा, एरवीइतकंच वाईट आहे.)

त्याचं असं झालं. आमच्या शेजारचे शैलेश सर नर्सिंग कॉलेजात शिकवतात. ते सांगत आले की डॉक्टर, नर्स, फार्मसी आणि आहारशास्त्र शिकणारी मुलं एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि त्यात पेशंटचे हाल होतात, म्हणून त्यांना एकत्र काम करायला शिकवायचंय. त्यासाठी एक खोटा पेशंट हवा होता. उजवं अंग लुळं, बोलणं अडखळतं, स्वभाव चिडका. मी गणपतीतल्या नाटकांतून तीन वेळा मेलेला माणूस, लगेच हो म्हटलं. (चिडक्या स्वभावाची तालीम नको, असं रंभा आतून म्हणाली.)

शिबिर वेवजीच्या शाळेत. नाव ‘आंतरव्यावसायिक सहकार्य प्रशिक्षण’, म्हणजे वाचून होईपर्यंत पेशंट बरा तरी होतो किंवा दुसरं काहीतरी होतं. कोणत्या कॉलेजाचं नाव वर छापायचं यावर एकमत होईना, म्हणून सहकार्याचे चार वेगळे बॅनर लागले होते. अर्धांगवायूच्या पेशंटला घास नीट गिळता येतो का, हे तपासणारेही शिकाऊ असतात म्हणे. त्यांच्या कॉलेजाला पाचवा बॅनर मिळाला नाही, म्हणून ते रुसून आलेच नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या जिवावर बेतलं ते इथंच.

सकाळी न्यायला आलेल्या जीपच्या गडबडीत माझी न्याहारी राहिली होती आणि मधुमेहाची गोळीही. मी बाकावर लुळा होऊन पडलो. फार्मसीच्या ललितला माझ्या खिशात गोळ्यांची पट्टी दिसली. पोरगा चोख. म्हणाला, “काका, नाटक राहू द्या, ही खरी आहे. जेवणाआधी घ्यायची ना? घ्या, ताटं वाढतायत.” मी घेतली. ताट आलं, तर आहारशास्त्राची श्रुतिका आडवी आली. अर्धांगवायू झालाय, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काही जाणार नाही! मी सांगितलं, बाई गं, अर्धांगवायू खोटा आहे. ती म्हणाली, “काका, भूमिका सोडू नका ना, आम्हाला मार्क आहेत.” तपासणारे तर घरी रुसून बसलेले. म्हणजे बघा, गोळी खऱ्या गोविंदरावाला मिळाली आणि उपास खोट्या गोविंदरावाला घडला, आणि पोट दोघांत एकच. (घरून नेलेले चिकूसुद्धा तिनं जप्त केले. माझ्याच वाडीतले!)

थोड्या वेळानं हात कापायला लागले, डोळ्यांपुढे बॅनर चाराचे आठ झाले. मी म्हटलं, मला खरंच कसंतरी होतंय. एक प्राध्यापिका बाई शेजारच्यांना कुजबुजल्या, “किती नैसर्गिक!” मी चिडलो, तर तेही भूमिकेत बसलं. डॉक्टरकीचा जतीन पुढे झाला, तर त्याचे सर म्हणाले, “घाई नको, निर्णय टीमनं घ्यायचा.” मग टीम गोल करून उभी राहिली आणि पहिल्यांदा कोणी बोलायचं यावर त्यांचं अतिशय सभ्य बोलणं सुरू झालं. साडूभाऊ, त्या वेळी मात्र मी घाबरलो. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या मध्ये आपण जाणार, आणि जाताना टाळ्या पडणार, असं वाटलं.

नर्सिंगची निधी माझा हात धरून बसली होती. ती एकदम ओरडली, “ओ, नाटक बंद करा! शर्ट भिजलाय त्यांचा! घामाचं सोंग आणता येतं का?” पुढं सगळं भराभर झालं. जतीननं बोट टोचून साखर बघितली नि पंचेचाळीसवर उतरलीय असं ओरडला, ललितनं एका प्राचार्यांच्या हातातला चहा ओढून त्यात साखर ओतली, श्रुतिकानं मला बसतं केलं आणि तोच चहा स्वतःच्या हातानं घोट घोट पाजला. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी कोणाला शिकवलं नाही. मी भानावर येतोय तोवर सर मंडळी ते साखर मोजायचं यंत्र कोणत्या कॉलेजाचं, याची चौकशी करत होती.

मग निकाल. निधीचे मार्क आवाज चढवल्याबद्दल कापले, ललितचे वरिष्ठांच्या चहाला हात लावल्याबद्दल, आणि चौघांचेही पेशंटला स्वतःची ओळख करून न दिल्याबद्दल. मला मात्र उत्कृष्ट अभिनयाचं प्रशस्तिपत्र. मी माइक घेऊन सांगितलं, “मी अभिनय केला नाही हो, मी खरंच पडलो होतो. या पोरांनी मला वाचवलं.” त्यावर सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. निधी रडत होती, आणि तिला समजवायला पाठवलं कोणाला, तर मला.

सर्वांस नमस्कार.

तुमचा (अजून),
गोविंदराव

ता. क. पुढच्या महिन्यात तलासरीला पुन्हा शिबिर आहे. मी जाणार. चौघं तीच आहेत आणि मार्क भरून काढायला त्यांना ओळखीचा पेशंट हवाय. रंभाला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. ता. क. या वेळी त्यांना पेशंटचा असा नातेवाईकही हवाय, जो प्रत्येक डॉक्टरला शहाणपण शिकवतो, नर्सला दम देतो आणि कोणाचंही ऐकत नाही. जयमालाताईंच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही वॉर्डात जे केलंत ते मी शैलेश सरांना सांगितलं. तुमचं नाव पक्कं झालंय. ते म्हणाले, तालमीची गरज नाही.